सल्ल्याचे भवितव्य : हिंदू कन्येचा वारसाहक्क आणि विधिविषयक सल्लागार मंडळे

प्रस्तावना

भारतातील कौटुंबिक कायद्याच्या सुधारणेचा इतिहास बहुधा संसदेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. हिंदू कोड बिलावरील वादळी चर्चा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सप्टेंबर १९५१ मधील राजीनामा, १९५५-५६ मधील चार कायदे आणि २००५ ची दुरुस्ती, असे त्याचे टप्पे सांगितले जातात. यात गैर काही नाही. परंतु या प्रत्येक टप्प्यामागे एखादी समिती अथवा आयोग उभा असतो आणि त्याचे नाव बहुधा एका ओळीत आटोपते. या मंडळांना कायदा करण्याचा अधिकार नसतो. त्यांचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. तरीही कोणता प्रश्न संसदेपुढे कोणत्या रूपात यावा, हे बऱ्याच अंशी तेच ठरवीत आले आहेत.

प्रस्तुत लेखात एकाच प्रश्नाच्या आधारे या मंडळांच्या कार्याचा विचार केला आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला वाटा असावा काय, आणि असल्यास किती, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाने १९४१ पासून किमान चार सल्लागार मंडळांचे उंबरठे झिजविले आहेत. त्यांचे अहवाल क्रमाने वाचले असता एक गोष्ट लक्षात येते. मालमत्तेच्या बाबतीत समिती सहसा पूर्ण समतेच्या एक पाऊल अलीकडे थांबते, आणि ते उरलेले पाऊल समितीबाहेरच्या कोणाला तरी टाकावे लागते.

चौकशीची मागणी आणि राव समिती

अशा समितीची मागणी मुळात स्त्रियांनीच केली होती. १९३४ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या वतीने रेणुका राय यांनी भारतीय स्त्रियांच्या कायदेशीर असमर्थतेविषयी एक पुस्तिका लिहिली आणि तीत चौकशी आयोगाची मागणी केली. सरकारने त्या वेळी ती मनावर घेतली नाही. पुढे मुंबईचे शल्यविशारद व मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद डॉ. गोपाळ विनायक देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ताविषयक हक्काचा कायदा संमत झाला. या कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत मुलाइतका, परंतु तिच्या हयातीपुरताच मर्यादित, हक्क दिला. मुलीला त्यात काहीच मिळाले नाही. कायद्याची भाषा सदोष असल्याने न्यायालयांत अर्थाचे वाद उत्पन्न झाले. शेतजमिनीला तो लागू होत नाही, असा निर्णय १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने दिला. या अडचणी निस्तरण्यासाठी सरकारने जानेवारी १९४१ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू कायदा समिती नेमली.

म्हणजे नेमणुकीचा हेतू अगदी मर्यादित होता. एका कायद्यातील चुका दुरुस्त कराव्यात, एवढेच समितीकडून अपेक्षित होते. परंतु त्याच वर्षी जूनमध्ये दिलेल्या अहवालात समितीने ठिगळे लावण्याचे काम नाकारले आणि संपूर्ण हिंदू कायद्याची टप्प्याटप्प्याने संहिता करावी, असा सल्ला दिला. विचारलेल्या प्रश्नापेक्षा मोठे उत्तर देण्याचे हे धैर्य पुढील काळातील सल्लागार मंडळांत क्वचितच आढळते.

समितीच्या रचनेकडे महाराष्ट्रातील वाचकाने विशेष लक्ष द्यावे असे आहे. अध्यक्षांखेरीज द्वारकानाथ मित्तर, पुण्याचे जगन्नाथ रघुनाथ घारपुरे आणि बडोद्याचे राजरत्न वासुदेव विनायक जोशी हे तिचे सभासद होते. जानेवारी १९४४ मध्ये समितीचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा जोशी यांच्या जागी मद्रासचे टी. आर. वेंकटराम शास्त्री आले. दोन्ही वेळा समितीत एकही स्त्री नव्हती. जोशी ज्या बडोदे संस्थानातून आले, तेथे सयाजीराव महाराजांच्या राजवटीत १९३१ मध्येच हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला होता. घारपुरे हे पुण्याच्या विधी महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. त्यांनी धर्मशास्त्रग्रंथांची मूळ संहितांसह भाषांतरे प्रसिद्ध केली, आणि त्यांत याज्ञवल्क्य स्मृतीवरील विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ टीकेचाही समावेश होता. ज्या ग्रंथाच्या आधारे मुलाला जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत हक्क प्राप्त होतो, त्या ग्रंथाचा भाषांतरकार तो जन्मसिद्ध हक्क रद्द करण्याची शिफारस करणाऱ्या समितीत बसला आणि त्याने त्या शिफारशीवर सही केली. सुधारणा म्हणजे परंपरेविषयीचे अज्ञान, असा आरोप त्या काळी सर्रास केला जाई. घारपुरे यांच्या बाबतीत तो टिकणारा नव्हता.

समितीची कार्यपद्धतीही या दृष्टीने समजून घ्यावी लागते. तिने बाहेरून काही आणण्याचे शक्यतो टाळले आणि हिंदू कायद्याच्या निरनिराळ्या शाखांतील अधिक उदार नियम निवडून तो सर्व देशाला लागू करण्याचे धोरण ठेवले. बंगालमध्ये प्रमाण मानल्या गेलेल्या जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’त मुलाला जन्मसिद्ध हक्क नव्हताच; पित्याच्या मृत्यूनंतरच वारसा उघडत असे. हाच नियम समितीने सर्वत्र सुचविला. मुंबई इलाख्यात नीलकंठाच्या ‘व्यवहारमयूखा’च्या प्रभावामुळे बहिणीला वारसांत वरचे स्थान होते, आणि मुलगी अथवा बहीण यांना वारशाने आलेली मिळकत पूर्ण मालकीने मिळे, इतर प्रांतांप्रमाणे ती हयातीपुरती नसे. स्त्रीची पूर्ण मालकी हेही समितीने देशभरासाठी स्वीकारले. सनातनी विरोधकांना जे परकीय वाटत होते, ते बरेचसे बंगालमध्ये आणि महाराष्ट्रात शतकानुशतके रूढ होते.

ऑगस्ट १९४४ मध्ये समितीने संहितेचा मसुदा प्रसिद्ध केला, प्रादेशिक भाषांत त्याची भाषांतरे करविली आणि १९४५ च्या आरंभी मुंबई, पुणे, दिल्ली, अलाहाबाद, पाटणा, कलकत्ता, मद्रास, नागपूर व लाहोर येथे जाऊन साक्षी नोंदविल्या. मुलीला वाटा दिल्यास शेतीचे तुकडे होतील, जावई घरात शिरेल, हुंड्याने तिची भरपाई झालेलीच आहे, हे आक्षेप तेव्हापासूनचे आहेत. (आज कोणत्याही तालुक्याच्या गावी हा विषय काढल्यास हेच तीन आक्षेप जवळजवळ याच क्रमाने ऐकावयास मिळतात.) फेब्रुवारी १९४७ मध्ये समितीने अंतिम अहवाल दिला. मित्तर यांनी विरोधी मतपत्रिका जोडली. उरलेल्या तिघांच्या शिफारशीनुसार जन्मसिद्ध हक्क जाणार होता, विधवा, मुलगा व मुलगी एकाच वेळी वारस होणार होती, आणि मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असणार होता. स्त्रीधनात मात्र मुलीला पूर्ण आणि मुलाला तिच्या निम्मा वाटा सुचविलेला होता.

निम्मा वाटा आणि समान वाटा

‘निम्मा’ हा तडजोडीचा आकडा होता. विधेयक एप्रिल १९४८ मध्ये प्रवर समितीकडे गेले. कायदेमंत्री या नात्याने डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. त्या समितीने मुलीचा वाटा मुलाइतका केला, तसेच स्त्रीधनातही मुलगा व मुलगी यांना समान लेखले. राव समितीने जो पाया घातला होता त्यावरच हे उभे होते, पण हे पाऊल राव समितीचे नव्हते. पुढची कथा परिचित आहे. विधेयक रखडले, सप्टेंबर १९५१ पर्यंत जेमतेम चार कलमे मंजूर झाली आणि डॉ. आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलीला मुलाइतका वाटा दिला, असे आपण वर्गात शिकवितो. पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीपुरते ते खरे आहे, आणि कलम १४ मुळे स्त्रीला मिळालेली पूर्ण मालकी ही फार मोठी प्राप्ती होती, यातही शंका नाही. परंतु कलम ६ अन्वये मिताक्षरा एकत्र कुटुंब कायम ठेवण्यात आले. राव समितीचा सल्ला आणि डॉ. आंबेडकरांचा मसुदा या दोहोंतील हा मध्यवर्ती मुद्दा होता, आणि तोच वगळला गेला. त्याचा परिणाम शब्दांपेक्षा अंकांत अधिक स्पष्ट दिसतो.

एका पित्याची वडिलोपार्जित मिळकत आहे, पत्नी हयात नाही, एक मुलगा व एक मुलगी आहे, असे समजू. पिता मृत्युपत्र न करता वारला. १९५६ च्या कायद्यानुसार प्रथम मृत्यूच्या क्षणापूर्वी पिता व पुत्र यांच्यात वाटणी झाली, असे कल्पावयाचे. तीत प्रत्येकी १/२. मग पित्याचा १/२ हिस्सा मुलगा व मुलगी यांच्यात समान वाटावयाचा. अखेरीस मुलाला ३/४ व मुलीला १/४. आता राव समितीच्या योजनेनुसार पाहू. जन्मसिद्ध हक्क नाही, म्हणून सर्व मिळकत पित्याची. मुलाला एक भाग व मुलीला अर्धा भाग, म्हणजे मुलाला २/३ व मुलीला १/३. मुलगे दोन असल्यास १९५६ च्या कायद्याखाली मुलीला १/९ येतो, तर राव समितीच्या योजनेत १/५.

याचा अर्थ असा की, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला ‘निम्मा’ वाटा देणारी १९४७ ची योजना ‘समान’ वाटा देणाऱ्या १९५६ च्या कायद्यापेक्षा तिला अधिक देत होती. वाट्याचा आकडा वाढला आणि ज्यातून वाटा द्यावयाचा ती मिळकतच आकसली. शिवाय आपला हिस्सा मृत्युपत्राने कोणालाही देण्याची मुभा पित्याला मिळाली, आणि राहत्या घरात वाटणी मागण्याचा मुलीचा हक्क कलम २३ ने रोखून धरला. कायद्याच्या इतिहासात समता हा शब्द आढळला की त्याच्या शेजारी गणित करून पाहावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते ते यामुळेच.

मधली वर्षे

१९५५ मध्ये मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र भारताचा पहिला विधी आयोग स्थापन झाला. तेव्हापासून आजतागायत हा आयोग संसदेच्या कायद्याने निर्माण झालेला नाही. सरकारी आदेशाने ठरावीक मुदतीसाठी तो नेमला जातो. त्याच्या अहवालांचे नशीब विषयानुसार बदलते. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने हिंदू विवाह कायद्याविषयीचा ५९ वा अहवाल १९७४ मध्ये दिला, आणि १९७६ मध्ये परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद कायद्यात आलीदेखील. याउलट ख्रिस्ती स्त्रियांची दशा पाहावी. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. विधी आयोगाने १९६०, १९८३ व १९९८ अशा तीन वेळा या विषयावर अहवाल दिले. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने या कलमातील विषम भाग रद्दबातल ठरविला. संसदेची दुरुस्ती आली ती २००१ मध्ये. चाळीस वर्षे सल्ला कागदावर होता. त्याला गती आली ती न्यायालयांमुळे आणि खुद्द ख्रिस्ती समाजातील संघटनांच्या रेट्यामुळे.

वारसाहक्काच्या प्रश्नावर या काळात एक महत्त्वाचे मंडळ बोलले, ते म्हणजे १९७१ मध्ये नेमलेली स्त्रियांच्या स्थितीविषयीची समिती. फुलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सदस्य-सचिव आणि कायद्याच्या प्राध्यापक लतिका सरकार सदस्य असलेल्या या समितीने १९७४ च्या अहवालात जन्मसिद्ध हक्क रद्द करून मिताक्षरा कुटुंबाचे दायभाग पद्धतीत रूपांतर करावे, अशी शिफारस केली. राव समितीचाच सल्ला सत्तावीस वर्षांनी स्त्रियांच्या लेखणीतून पुन्हा आला. केंद्राने काही केले नाही. केरळने १९७५ मध्ये एकत्र कुटुंबपद्धतीच रद्द केली. आंध्र प्रदेशाने १९८५ पासून, तमिळनाडूने १९८९ मध्ये आणि महाराष्ट्र व कर्नाटक यांनी १९९४ मध्ये निराळा मार्ग धरला. त्यांनी एकत्र कुटुंब तसेच ठेवून मुलीला मुलाप्रमाणे सहदायाद केले.

महाराष्ट्राचा कायदा २२ जून १९९४ पासून अमलात आला. त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना तो लागू नव्हता. सख्ख्या दोन बहिणींपैकी एकीचे लग्न मे महिन्यात व दुसरीचे जुलैमध्ये झाले असेल, तर थोरली परकी आणि धाकटी हक्कदार. मुलगा विवाहित आहे की अविवाहित, हा प्रश्न मात्र कोणत्याही कायद्याने कधी विचारलेला नाही.

१७४ वा अहवाल

न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील पंधराव्या विधी आयोगाने हा विषय आपण होऊन हाती घेतला. या आयोगात न्यायमूर्ती लीला सेठ सदस्य होत्या, आणि या विषयाला चालना देण्यात त्यांचा वाटा मोठा होता. मे २००० मध्ये सादर झालेला १७४ वा अहवाल या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याने राज्यांच्या अनुभवातून पुढे जाण्याचा प्रयत्न केला. केरळचा मार्ग तत्त्वतः शुद्ध होता, पण त्यात एक अडचण होती. एकत्र कुटुंब आज रद्द केले, तर जे आज सहदायाद आहेत, म्हणजे पुरुष, त्यांच्या पदरात त्यांचे हिस्से कायमचे पडतात. मुलीच्या वाट्याला येतो तो पित्याच्या हिश्शातील हिस्सा. १९४७ मध्ये जो उपाय पुरेसा ठरला असता, तो २००० मध्ये तसाच लागू केल्यास मधल्या काळातील अन्यायावर शिक्कामोर्तब झाले असते. म्हणून आयोगाने दोन्ही मार्ग जोडले. आधी मुलीला सहदायाद करावे, आणि त्यानंतर एकत्र मालकीचे रूपांतर स्वतंत्र हिश्शांत करावे, असा तो सल्ला होता. राहत्या घराविषयीचे कलम २३ वगळावे, असेही आयोगाने सुचविले.

इतका विचारपूर्वक केलेला हा अहवालही विवाहित मुलीपाशी येऊन थांबला. कायदा लागू होण्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्याने राज्यांच्या कायद्यांप्रमाणेच बाहेर ठेवले. सरकारने २० डिसेंबर २००४ रोजी राज्यसभेत विधेयक मांडले, तेव्हा ही तरतूद त्यात उतरली होती. पुढील काही महिन्यांत जे घडले ते समितीच्या कागदपत्रांत सापडत नाही. स्त्री-संघटना, वकील आणि बीना अगरवाल यांच्यासारख्या अभ्यासक यांनी निवेदने दिली, संसदीय समितीपुढे म्हणणे मांडले, खासदारांच्या भेटी घेतल्या. विवाहित मुलींना वगळणारा भाग गळाला. शेतजमिनीचा वारसा राज्यांच्या कूळकायद्यांवर सोडणारे कलम ४(२) मूळ विधेयकात तसेच राहणार होते. तेही वगळले गेले. ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आलेला कायदा मूळ सल्ल्यापेक्षा अधिक समतावादी होता. १९४८ मध्ये प्रवर समितीने ‘निम्म्या’चे ‘समान’ केले होते. २००५ मध्ये तसेच पाऊल बाहेरच्यांनी टाकले.

सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे एकत्र मालकीची पद्धत संपविणे, संसदेने उचललाच नाही. त्यातून पुन्हा अर्थाचे वाद निर्माण झाले. ९ सप्टेंबर २००५ रोजी पिता हयात असणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले. मुलीचा हक्क जन्माने येतो, त्यासाठी पिता त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरविले. ज्या जन्मसिद्ध हक्काला राव समितीने अन्यायाचे मूळ मानले होते, तोच आता मुलीच्या हक्काचा आधार झाला आहे.

न उचललेला सल्ला

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण कलम १५ चे आहे. विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारल्यास तिची स्वकष्टार्जित मिळकत प्रथम मुले व पती यांना, ते नसल्यास पतीच्या वारसांना, आणि तेही नसल्यास तिच्या आईवडिलांना जाते. पुरुषाच्या मिळकतीच्या बाबतीत पत्नीच्या नातलगांचा विचारही कायद्याला शिवत नाही. २००८ मध्ये न्यायमूर्ती ए. आर. लक्ष्मणन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०७ व्या अहवालात सुचविले की, अशा मिळकतीत पतीकडील व माहेरकडील वारसांना समान वाटा मिळावा. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. विवाहानंतर अल्पावधीतच वैधव्य येऊन सासरहून घालविलेल्या स्त्रीने माहेरच्या आधाराने शिक्षण घेतले, नोकरी केली आणि मिळकत केली. तिच्या पश्चात ती मिळकत सासरच्या वारसांकडे गेली. सहानुभूतीने कायद्याचा अर्थ बदलता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आयोगाचा अहवाल तेव्हा वर्षभर सरकारपुढे होता. केंद्रीय अधिनियमातील ते कलम अद्याप बदललेले नाही.

या ठिकाणी आयोग समाजाच्या पुढे होता आणि बाहेर कोणी उभे नव्हते. मुलीच्या वाट्यासाठी १९३४ पासून संघटना झगडल्या. अपत्यहीन विधवेच्या बचतीसाठी मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही. सल्लागार मंडळाचे सामर्थ्य आणि मर्यादा या एका उदाहरणात सामावलेल्या आहेत. उत्तम मसुदा तयार करणे त्याच्या हाती असते. त्या मसुद्याला मागणी निर्माण करणे मात्र त्याच्या हाती नसते.

३१ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे आपल्या मुदतीच्या अखेरच्या दिवशी, न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांच्या अध्यक्षतेखालील एकविसाव्या आयोगाने कौटुंबिक कायद्याच्या सुधारणेविषयी एक विस्तृत टिपण प्रसिद्ध केले. समान नागरी कायदा या टप्प्यावर आवश्यकही नाही व इष्टही नाही, या त्यातील एका वाक्याची वर्तमानपत्रांत भरपूर चर्चा झाली. त्याच टिपणात जन्मसिद्ध हक्कावर आधारलेली सहदायिकी संपविण्याची सूचना होती, आणि कलम १५ मधील विषमतेचाही ऊहापोह होता. त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. शिवाय हे केवळ विचारविनिमयाचे टिपण होते. क्रमांक पडलेला अंतिम अहवाल नव्हता. पुढील आयोगाच्या स्थापनेचा आदेश फेब्रुवारी २०२० मध्ये निघाला, अध्यक्षांची नेमणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. जून २०२३ मध्ये या आयोगाने समान नागरी कायद्यावर जनतेची मते नव्याने मागविली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, त्या विषयावर अंतिम अहवाल न देताच, त्याची मुदत संपली.

दरम्यान गावपातळीवर आणखी एक कागद या सर्व अहवालांपेक्षा अधिक वेगाने आपले काम करीत असतो, तो म्हणजे हक्कसोडपत्र. पित्याच्या मृत्यूनंतर सातबारावर वारस नोंद होते, तीत मुलींची नावे कायद्याप्रमाणे लागतात, आणि पुष्कळदा वर्ष उलटण्यापूर्वीच बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन त्यांच्याकडून ‘राजीखुशीने’ सह्या घेतल्या जातात. माहेर तुटू नये म्हणून दिलेल्या या सहीचा विचार राव समितीपासून एकविसाव्या आयोगापर्यंतच्या एकाही मंडळाच्या शिफारशींत मध्यवर्ती ठरलेला नाही. महाराष्ट्रातील दुय्यम निबंधक कार्यालयांत १९९४ नंतर व २००५ नंतर नोंदलेल्या हक्कसोडपत्रांचा तालुकावार अभ्यास हाती घेणे इतिहास, समाजशास्त्र व विधी या तिन्ही विभागांना एकत्रितपणे शक्य आहे.